सिवनीचे अरण्य न पाहता मोगली घडवणारे रुडयार्ड किपलिंग

जबलपूरहून पूर्वेला दिंडोरी आणि पुढे अमरकंटककडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम हे तहसिलीचे गाव लागते. डोंगर, साल-सागाची वने आणि गोंड वस्त्या यांचा हा मुलूख. नर्मदेला मिळणाऱ्या हिरन नदीचा उगम याच परिसरात होतो. जबलपूरच्या दक्षिणेला सिवनी जिल्हा आहे. इंग्रजी साहित्यातील सर्वात प्रसिद्ध अरण्य ते हेच. लांडग्यांनी वाढवलेला मोगली, वाट चुकू न देणारा अस्वल बाळू, काळा बिबळ्या बगीरा आणि लंगडा वाघ शेरखान या सर्वांचे घर म्हणून जगभरच्या वाचकांना सिवनीचे नाव ठाऊक आहे.

हे अरण्य शब्दांत उभे करणाऱ्या रुडयार्ड किपलिंग यांनी मात्र सिवनीत कधीही पाऊल ठेवले नाही. त्यांचा जन्म मुंबईत झाला आणि 'जंगल बुक' लिहिले गेले अमेरिकेतील बर्फाळ डोंगराळ प्रदेशात. हिंदुस्थानावर जिवापाड प्रेम करणारा आणि त्याच हिंदुस्थानाला स्वराज्य नाकारणारा हा लेखक आजही वाचकांपुढे एक अवघड प्रश्न ठेवून जातो.

परीकथांच्या युगात जन्म

किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतील हा काळ इंग्रजी बालसाहित्याच्या दृष्टीने विलक्षण होता. चार्ल्स किंग्जली यांचे 'वॉटर बेबीज' १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. लुईस कॅरोल यांचे 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' किपलिंग जन्मले त्याच वर्षी वाचकांच्या हाती आले. पुढे जॉर्ज मॅकडोनल्ड, ऑस्कर वाइल्ड आणि अँड्र्यू लँग यांनी परीकथेला प्रौढ साहित्याच्या बरोबरीने बसवले.

या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर यांनी १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दख्खनचा दौरा केला. प्रवासात सोबत असलेल्या अ‍ॅना लिबराटा डिसूझा या ख्रिस्ती आयेकडून त्यांनी लोककथा ऐकल्या आणि लिहून घेतल्या. 'ओल्ड डेक्कन डेज' या नावाने तो संग्रह १८६८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. दख्खनमधील राक्षस, राजकन्या आणि बोलणारे प्राणी अशा रीतीने इंग्रजी घरांत पोहोचले. त्याच सुमारास मुंबईत दुसरी एक आया दुसऱ्या एका इंग्रज मुलाला गोष्टी सांगत होती.

मुंबईतील पाच वर्षे

रुडयार्ड यांचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग १८६५ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत शिल्पकलेचे अध्यापक म्हणून मुंबईला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील शिल्पपट्ट आणि आतील कारंजे यांवर त्यांच्या हाताचा ठसा आजही पाहता येतो. आई अ‍ॅलिस मॅकडोनल्ड या बुद्धिमान आणि विनोदी स्वभावाच्या होत्या. त्यांच्या एका बहिणीचे पती चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स होते, तर दुसऱ्या बहिणीचा मुलगा स्टॅनले बाल्डविन पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला. इंग्लंडमधील ज्या तलावाकाठी या जोडप्याची भेट झाली, त्या रुडयार्ड तलावाचे नाव मुलाला देण्यात आले.

कलाशाळेच्या आवारात किपलिंग यांच्या जन्माची नोंद करणारा फलक आहे. तेथील जुना लाकडी बंगला मात्र त्यांच्या जन्मानंतर बांधला गेल्याचे मानले जाते.

रुडयार्ड यांचा दिवस आई-वडिलांपेक्षा नोकरांच्या सहवासात अधिक जात असे. आया कॅथलिक होती. ती रस्त्याकडेच्या क्रुसापुढे प्रार्थना करी आणि मुलगा तिच्या शेजारी उभा राही. मीता नावाचा हिंदू नोकर त्याला छोट्या देवळांत घेऊन जाई. सकाळी बाजारातील फळांचे ढीग, समुद्रावरील गलबते आणि दुपारी झोपण्यापूर्वी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी या आठवणी किपलिंग यांनी म्हातारपणी आत्मचरित्रात नोंदवल्या. संध्याकाळी आई-वडिलांसमोर जाताना आता इंग्रजीत बोलायचे, अशी ताकीद मुलांना मिळत असे. ज्या देशी बोलीत विचार चालत आणि स्वप्ने पडत, तिच्यातून अडखळत भाषांतर करून मुले इंग्रजी बोलत. मातृभाषा इंग्रजी असली तरी मनाची पहिली भाषा हिंदुस्थानी होती.

विलायतेतील उजाड घर

हिंदुस्थानातील हवामान मुलांना मानवत नाही आणि नोकरांच्या सहवासात त्यांचे वळण बिघडते, अशी त्या काळच्या इंग्रज कुटुंबांची समजूत होती. १८७१ मध्ये रुडयार्ड आणि धाकटी बहीण ट्रिक्स यांना इंग्लंडला नेण्यात आले आणि साउथसी येथील हॉलोवे कुटुंबाकडे पैसे देऊन ठेवण्यात आले. आपण परत जाणार आहोत हे आई-वडिलांनी मुलांना सांगितले नव्हते. तेव्हा रुडयार्ड जेमतेम सहा वर्षांचे होते आणि ट्रिक्स तीन वर्षांची.

पुढील सुमारे सहा वर्षे त्यांनी मार, अपमान आणि धार्मिक धाक यांत काढली. घरातील बाईंनी त्यांना खोटारडे ठरवले. डोळे अधू होत गेले आणि ते कोणाच्याही लक्षात आले नाही. पुस्तके हाच त्यांचा एकमेव आसरा होता. 'आंट ज्युडीज मॅगझिन' या मासिकातील मिसेस युइंग यांच्या कथेचे आपल्यावरील ऋण त्यांनी पुढे आवर्जून मान्य केले. दक्षिण आफ्रिकेतील एक शिकारी सिंहांच्या गुप्त मंडळात सामील होऊन दुष्ट माकडांशी लढतो, अशी एक गोष्टही त्यांनी त्या घरात वाचली. 'जंगल बुक'चे बीज तिच्यात असल्याचे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे.

दोन घरांतून उपटला गेलेला मोगली, त्याला सांभाळणारे परके पालक आणि शिस्तीच्या नियमांत त्याने शोधलेली सुरक्षितता यांचा उगम साउथसीच्या वर्षांत आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. १८७७ मध्ये आई परत आली आणि मुलांची सुटका झाली. त्यानंतर रुडयार्ड डेव्हन परगण्यातील युनायटेड सर्व्हिसेस कॉलेजात शिकले.

लाहोर आणि अलाहाबाद

विद्यापीठात शिकवण्याइतका पैसा घरात नव्हता. वडील एव्हाना लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्राचार्य आणि तेथील संग्रहालयाचे प्रमुख झाले होते. त्यांनी मुलासाठी 'सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट' या दैनिकात उपसंपादकाची जागा मिळवली. ऑक्टोबर १८८२ मध्ये, सतरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, किपलिंग मुंबई बंदरात उतरले. तेथील वास आणि दृश्ये अनुभवताच त्यांच्या तोंडून देशी भाषेतील वाक्ये आपोआप बाहेर पडू लागली. त्या वाक्यांचा अर्थ मात्र त्यांना स्वतःला सांगता येत नव्हता.

सात वर्षे त्यांनी हिंदुस्थानात पत्रकारिता केली. १८८७ मध्ये त्यांची बदली अलाहाबादच्या 'पायोनियर' या पत्रात झाली. १८८८ मध्ये 'प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स' प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी रेल्वे स्थानकांवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त मालिकेत त्यांचे सहा कथासंग्रह निघाले. प्रवाशांच्या हातून ही पुस्तके विलायतेत पोहोचली. १८८९ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला तेव्हा त्यांचे नाव लंडनमध्ये होऊ लागले होते.

डिसेंबर १८९१ मध्ये ते अखेरचे लाहोरला आले. परतताना मुंबईत त्यांची वृद्ध आया त्यांना भेटली आणि तिने अश्रुभरल्या डोळ्यांनी त्यांना आशीर्वाद दिले. त्यानंतर उरलेल्या चव्वेचाळीस वर्षांत किपलिंग हिंदुस्थानात परतले नाहीत.

बर्फात उभे राहिलेले सातपुड्याचे रान

१८ जानेवारी १८९२ रोजी किपलिंग यांचा विवाह अमेरिकन कुटुंबातील कॅरोलिन बॅलेस्टिअर यांच्याशी झाला. दोघे व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो गावाजवळ एका लहानशा घरात राहू लागले. डिसेंबर १८९२ मध्ये त्यांची पहिली कन्या जोसेफिन जन्मली. त्या हिवाळ्यात घराभोवती बर्फाचे थर साचलेले असताना किपलिंग यांनी सातपुड्यातील लांडग्यांच्या कथा लिहिण्यास प्रारंभ केला.

सामग्री अनेक ठिकाणांहून आली. रॉबर्ट स्टर्नडेल यांनी सिवनीतील शिकारीच्या मुक्कामांवर १८७७ मध्ये आणि हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांवर १८८४ मध्ये पुस्तक लिहिले होते. लॉकवूड किपलिंग यांचे हिंदुस्थानातील माणूस आणि पशू यांच्या नात्यावरील पुस्तक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. अलाहाबादचे प्राध्यापक हिल आणि त्यांच्या पत्नी हे किपलिंग यांचे निकटचे स्नेही होते. त्यांनी सिवनी भागातील प्रवासात काढलेल्या छायाचित्रांचाही उपयोग झाल्याचे मानले जाते. लांडग्यांनी मुले वाढवल्याच्या हकिगती कर्नल स्लीमन यांनी १८५२ मध्येच प्रसिद्ध केल्या होत्या. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेले स्लीमन दीर्घकाळ जबलपूरला होते. परंतु या हकिगती मुख्यतः अवध प्रांतातील होत्या. पंचतंत्र आणि जातककथांमधून आलेली बोलक्या प्राण्यांची परंपरा तर या मातीतच होती. किपलिंग यांचे १८९५ चे एक पत्र २०१३ मध्ये विक्रीस आले. जंगलच्या कायद्यातील काही भाग आपण इतरांकडून उचलला असावा, पण नेमका कोणाकडून ते आठवत नाही, अशी मोकळी कबुली त्यात आहे.

मे १८९४ मध्ये 'द जंगल बुक' आणि नोव्हेंबर १८९५ मध्ये 'द सेकंड जंगल बुक' प्रसिद्ध झाले. काही चित्रे वडिलांनी काढली होती. पात्रांची नावे हिंदुस्थानी भाषांतून घेतलेली आहेत. अकेला, भालू, हाथी, बंदरलोग हे शब्द त्यामुळे जगभरच्या मुलांच्या तोंडी बसले. मोगली या नावाचा अर्थ किपलिंग यांनी बेडूक असा दिला असला, तरी तो शब्द त्यांनी स्वतः बनवला होता.

मराठी वाचकाला या कथांत ओळखीच्या खुणा सापडतात. मोगली जिच्या काठी वाढला ती वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाटमार्गे महाराष्ट्रात येऊन भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली भागांतून वाहते. कथांतील कान्हीवाडा हे गाव आजही सिवनी जिल्ह्यात आहे. अरण्यावर चालून येणारे तांबडे रानकुत्रे, म्हणजे आपल्याकडील कोळसुंदे, दख्खनमधून उत्तरेकडे येतात असे किपलिंग यांनी दाखवले आहे. मोगली त्यांना वैनगंगेच्या घळीतील आग्यामोहोळांच्या तडाख्यात सापडवतो. जबलपूरजवळच्या भेडाघाट येथील संगमरवरी कड्यांवरील मधमाश्यांचे वर्णन कॅप्टन फॉर्सिथ यांनी १८७१ च्या ग्रंथात केले होते, त्याचे येथे स्मरण होते.

हा प्रदेश मराठी इतिहासालाही परका नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७-१८ च्या युद्धापर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि १९५६ पर्यंत विदर्भ व जबलपूर एकाच राज्यात होते.

कायदा कोणाचा?

किपलिंग यांच्या अरण्यात प्रत्येक प्राण्याला नियम पाळावे लागतात. शिकार केव्हा करावी, पाणवठ्यावर कसे वागावे आणि कळपाशी निष्ठा कशी राखावी, हे सर्व ठरलेले असते. नियम न पाळणारी माकडे तुच्छ ठरतात. या मांडणीत साम्राज्याच्या शिस्तीचा पुरस्कार आहे, अशी टीका अनेक समीक्षकांनी केली आहे. मोगलीची पहिली कथा १८९३ मध्ये वेगळ्या संग्रहात आली होती. तिच्यात प्रौढ मोगली सरकारी वनखात्याच्या नोकरीत जातो. अरण्याचा राजा शेवटी इंग्रज सरकारचा वनरक्षक बनतो, ही गोष्ट सूचक आहे.

प्रत्यक्षातील अरण्यात त्या वेळी दुसरा कायदा लागू होत होता. वनखाते १८६४ मध्ये स्थापन झाले आणि १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांवर सरकारचा ताबा पक्का झाला. गोंड आणि बैगा समाजांचे वनावरील परंपरागत हक्क आकुंचित होत गेले. झाडे तोडून व जाळून केली जाणारी बैगांची बेवर शेती बहुतेक ठिकाणी बंद करण्यात आली. १८९० मध्ये तत्कालीन मंडला जिल्ह्यात बैगांसाठी बैगा चक नावाचे मर्यादित क्षेत्र आखून देण्यात आले. हा भाग आज कुंडमच्या पूर्वेकडील दिंडोरी जिल्ह्यात आहे. 'जंगल बुक' त्यानंतर चारच वर्षांनी प्रसिद्ध झाले. परंतु या घडामोडींचा उल्लेख त्यात नाही.

तरीही एका कथेत गोंडांचे दर्शन घडते. मोगलीच्या सांगण्यावरून हत्ती गावाची शेते उद्ध्वस्त करतात, तेव्हा भयभीत गावकरी गोंडांच्या मुखियाला बोलावतात. तो एक शब्दही न बोलता रानटी कारल्याची वेल उचलतो आणि ती देवळाच्या दारावर ताणतो. गाव सोडून जाण्याची वेळ आली आहे, हा त्याचा अर्थ गावकऱ्यांना कळतो. अरण्याची भाषा माणसांत सर्वात आधी कोणाला समजते, हे किपलिंग यांना ठाऊक होते असे या प्रसंगावरून दिसते. त्या मुखियाला नाव मात्र त्यांनी दिलेले नाही.

कीर्ती आणि शोक

मेहुण्याशी झालेल्या भांडणामुळे किपलिंग कुटुंबाने १८९६ मध्ये अमेरिका सोडली. १८९९ च्या प्रारंभी ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले असताना वडील आणि मुलगी दोघांनाही न्यूमोनिया झाला. किपलिंग वाचले, परंतु ६ मार्च १८९९ रोजी सहा वर्षांची जोसेफिन मरण पावली. तिला ज्या गोष्टी शब्दही न बदलता पुनःपुन्हा ऐकायच्या असत, त्या 'जस्ट सो स्टोरीज' या नावाने १९०२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. हे पुस्तक जिच्यासाठी होते, ती ते पाहण्यास उरली नव्हती. इंग्लंडमधील विम्पोल हॉल येथे २०१० मध्ये 'जंगल बुक'ची पहिली आवृत्ती सापडली. ते पुस्तक जोसेफिनचे असून तिच्यासाठीच लिहिले असल्याची नोंद किपलिंग यांनी मे १८९४ मध्ये स्वहस्ते केली आहे.

१९०१ मध्ये 'किम' ही कादंबरी आली. १९०७ मध्ये किपलिंग यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजीत लिहिणारे ते पहिले नोबेल विजेते होते. त्या वेळी त्यांचे वय ४१ होते आणि साहित्यात एवढ्या लहान वयात हा सन्मान त्यानंतर कोणालाही मिळालेला नाही.

राजकीय मते मात्र अधिकाधिक कडवी होत गेली. गोऱ्या लोकांवर इतरांना सुधारण्याचे ओझे असल्याची त्यांची १८९९ मधील कविता साम्राज्यवादाचे प्रतीक बनली. हिंदी लोकांना राज्यकारभार सोपवण्यास त्यांचा ठाम विरोध होता. १९१९ मधील जालियनवाला बाग हत्याकांडानंतर जनरल डायरसाठी जमवलेल्या निधीला त्यांनी वर्गणी दिली. अनेक भारतीय वाचकांनी त्यांना क्षमा केली नाही, याचे हे एक मोठे कारण आहे.

पहिल्या महायुद्धात त्यांचा मुलगा जॉन दृष्टी अधू असल्याने सैन्यात नाकारला गेला होता. वडिलांनी ओळख वापरून त्याला भरती करवले. २७ सप्टेंबर १९१५ रोजी फ्रान्समधील लूसच्या लढाईत अठराव्या वर्षी तो बेपत्ता झाला. त्याचा मृतदेह किपलिंग यांच्या हयातीत ओळखला गेला नाही. साम्राज्याच्या युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मारकांचे काम पाहणाऱ्या आयोगासाठी त्यांनी पुढे अनेक वर्षे काम केले.

त्यांच्या अनेक पुस्तकांवर गजमुख आणि स्वस्तिक ही शुभचिन्हे छापलेली असत. जर्मनीत नाझींनी स्वस्तिकाचा वापर सुरू केल्यावर त्यांनी ते आपल्या पुस्तकांवरून काढून टाकले. १८ जानेवारी १९३६ रोजी, विवाहाला बरोबर ४४ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतील कवींच्या कोपऱ्यात त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. अपूर्ण आत्मचरित्र पुढील वर्षी प्रसिद्ध झाले. त्याची सुरुवात मुंबईच्या पहाटेपासून होते.

मोगलीची घरवापसी

लेखकापेक्षा मोगलीने दीर्घ आयुष्य मिळवले. १९१६ मध्ये बेडन-पॉवेल यांनी बालवीर चळवळीतील लहान मुलांच्या पथकांसाठी किपलिंग यांच्या संमतीने या कथांचा आधार घेतला. शाळांतील कब पथके ही त्याचीच देणगी होय. डिस्नेचा चित्रपट १९६७ मध्ये आला. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर जपानी चित्रमालिका हिंदीत दाखवली गेली तेव्हा गुलजार यांचे शीर्षकगीत घराघरांत पोहोचले आणि शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज मिळाला. डायरचे समर्थन करणाऱ्या लेखकाचा नायक अशा प्रकारे स्वतंत्र भारतातील मुलांनी आपला म्हणून स्वीकारला.

मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत पसरलेले पेंच अभयारण्य आज मोगलीची भूमी म्हणून पर्यटकांना आकर्षित करते. मध्य प्रदेशातील पेंच १९९२ मध्ये आणि महाराष्ट्रातील पेंच १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. वाघ, रानकुत्रे आणि वैनगंगेचे खोरे वाचवण्याच्या कामाला एका काल्पनिक मुलाच्या नावाचा आधार मिळाला आहे. त्याच वेळी वनात राहणाऱ्या समाजांच्या हक्कांचा वादही संपलेला नाही. २००६ च्या वन हक्क कायद्याच्या प्रस्तावनेत त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे संसदेने मान्य केले. किपलिंग यांनी ज्याला नाव दिले नाही, त्या गोंड मुखियाच्या वंशजांना अरण्याच्या कायद्यात स्वतःचे नाव नोंदवण्याची वाट त्यामुळे प्रथमच खुली झाली.